पुस्तकात रेघा मारायच्या की नाही?

बी-४०३ (काकू): नमस्कार मंडळी. क्लबहाऊसच्या कपाटातलं एक पुस्तक आज वाचायला आणलं, तर पहिल्या दोन प्रकरणांत निळ्या बॉलपेनने जवळजवळ प्रत्येक ओळ अधोरेखित. कुणी केलं ते विचारत नाही. पण सगळ्यांच्या पुस्तकावर पेन चालवू नका, प्लीज. शाई पाठपोट उमटलीय.

ए-१०१: अगदी बरोबर काकू. मी तर म्हणतो, स्वतःच्या पुस्तकातही नको. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण, त्यावर गिरवायचं कसं?

सी-७०२: दादा, नमस्कार मीही करते. तरी पेन्सिलीशिवाय माझं वाचन होतच नाही. पटलं तिथे समासात उभी रेघ, शंका आली तिथे प्रश्नचिन्ह. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर माझी स्वतःची सूची. परवा धरणांवरच्या एका जाड पुस्तकातून विस्थापितांविषयीचा भाग हवा होता. मागे ‘पुनर्वसन – ११८, २०४’ लिहिलेलं होतं, लगेच सापडला. हे पुस्तकाचा अपमान करणं नाही हो, उलट त्याच्याशी बोलणं आहे.

बी-१०४ (काका, निवृत्त ग्रंथपाल): ताईंशी सहमत. बाबासाहेबांनी वाचलेली कितीतरी पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत, लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक जॉन ड्यूई यांचं शिक्षणावरचं १९१६ सालचं पुस्तक वाचताना बाबासाहेब कुठे थांबले, हे अभ्यासक आज त्या खुणांवरून ताडून पाहतात. पान कोरं राहिलं असतं तर हे कळलं असतं का?

मात्र पेन्सिल २बी घ्या आणि हलक्या हाताने चालवा. टोकदार, कडक पेन्सिलीची रेघ खोडली तरी कागदावर वळ राहतो. चिकट चिठ्ठ्या जुन्या पुस्तकात नकोतच, काढताना कागद सोलून येतो. पानाचा कोपराही दुमडू नका, पिवळ्या पडलेल्या कागदाचा तुकडाच पडतो.

डी-५०१: काका, माझं एमपीएससीचं राज्यघटनेचं पुस्तक तीन हायलायटरांनी रंगलंय 🙈 चालेल ना?

सी-३०४ (मॅडम): तुझं पुस्तक आहे, रंगव. पण तेवढ्यावर अभ्यास झाला असं समजू नकोस. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला होता. त्यात अधोरेखन कमी उपयोगी ठरलं, स्वतःची चाचणी घेणं खूप उपयोगी. पहिल्या वाचनात काहीच रंगवू नकोस. दुसऱ्यांदा वाचताना समासात प्रश्न लिही, आणि पुस्तक मिटून उत्तर दे.

डी-५०१: आजपासूनच करून बघतो मॅडम 🙏

ए-१०१: ड्यूईंच्या पुस्तकाचं माहीत नव्हतं, काका. स्वतःच्या पुस्तकाबद्दलचा माझा आग्रह सोडतो. पण कपाटातल्या पुस्तकांत पेन्सिलही नको, एवढं ठरवू या. पुढच्याला पान स्वच्छ मिळायला हवं.

बी-४०३: मान्य. सांगावंसं वाटलंच तर प्रत्येक पुस्तकात एक कोरा कागद ठेवते, पान नंबर घालून त्यावर लिहा.

सी-७०२: काकू, सुटे कागद हरवतात. कपाटात एक वहीच ठेवू या, मी उद्या आणते.