मदत हवी आहे : जुन्या रॅलेला पुढचा ड्रम ब्रेक

मंडळी, घरातली जुनी २८ इंची रॅले सायकल पुन्हा रस्त्यावर आणतोय. रंग, बेअरिंग, सीट सगळं जमलं, घोडं अडलंय ते पुढच्या ब्रेकवर. मूळचे दांड्यांचे ब्रेक पावसात नावापुरतेच. ओल्या रिमवर रबर नुसतं घसरतं. म्हणून स्टर्मी-आर्चरचा ७० मिमीचा, केबलवर चालणारा ड्रम हब (चाकाचा मधला भाग, ब्रेक त्याच्या आतच) मिळवलाय.

हब तारांच्या ३६ भोकांचा आहे आणि रिम जुन्या इंग्लिश पद्धतीची, म्हणजे पुढे ३२, मागे ४०. ३६ च्या हबवर ३२ ची रिम 'कशीतरी विणून देतो' म्हणणारे भेटले, पण ब्रेकचा सगळा जोर तारांवरूनच रिमपर्यंत जाणार, त्यामुळे मन धजावत नाही. ६३५ मिमीची (म्हणजे याच २८ इंची चाकाची), ३६ भोकांची रिम पुण्या-मुंबईत कोणाकडे मिळेल?

खरी काळजी चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची. ब्रेक दाबला की हबची प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तिला थोपवणारा हात चिमट्याच्या डाव्या पायाला पट्टीने आवळायचा असतो. माझ्या चिमट्याचे पाय खाली फारच बारीक होत जातात. पट्टी किती वर घ्यावी? खाली पत्र्याचा तुकडा घातला तर चालेल का? शिवाय हबला १०० मिमी जागा लागते, चिमट्यात तेवढी नाही. स्टील आहे, फाकवता येईल, पण दोन्ही पाय सारखे फाकलेत हे घरच्या घरी कसं तपासता?

हँडलला भोक पाडायला सांगू नका, तेवढं सोडून काहीही सुचवा. कोणी बसवला असेल तर पट्टीजवळचा फोटो टाका.