अनुभव धागा: आपल्या घराला लागू झालेला कायदा

समान नागरी कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात मत मांडण्याआधी लग्न, वाटणी, वारसा यांत आपल्याला कोणता कायदा लागू झाला आणि त्याने प्रत्यक्षात काय दिले, हे प्रत्येकाने लिहावे, अशी विनंती आहे.

सातारा जिल्हा
माझे लग्न 1991 सालचे. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांसारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळले. 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. तरीही वडिलांच्या मागे आम्ही तिघी बहिणींनी दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, कारण भाऊबीजेला माहेरचे दार उघडे राहावे, एवढीच आमची इच्छा होती. सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेली आमची नावे पुढच्या फेरफाराने निघाली. कायदा आमच्या बाजूचा होता, पण तसे बोलून दाखवण्याची सोय त्या घरात नव्हती.

फोंडा
आमच्याकडे गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पतीपत्नी मिळकतीचे निम्मे-निम्मे मालक असतात. सासऱ्यांच्या पश्चात बागायत विकताना सासूबाई, मुलगे, मुली, सुना आणि जावई या सर्वांच्या सह्या लागल्या; विलंब झाला, पण कोणाही बाईला डावलता आले नाही. मात्र हीच व्यवस्था सर्वांना समान होती, असे म्हणवत नाही, कारण 1880च्या हुकूमनाम्याने हिंदू पुरुषाला ठरावीक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती.

सोलापूर
मुस्लिम कायद्याने मला भावाच्या निम्मा वाटा मिळाला, आणि हा भेद मला मान्य नाही. पण त्याच कायद्यात कर्ज फेडून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने परस्पर देता येत नाही, त्यामुळे मुलीला पूर्ण वगळणे अवघड होते. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1966 मध्ये मुंबईत सात महिलांचा मोर्चा नेला, तेव्हापासूनची समान नागरी कायद्याची मागणी माझीही आहे; नव्या संहितेत हे संरक्षण मात्र टिकावे.

पुणे
मी हिंदू, पती ख्रिस्ती. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस फलकावर लागली आणि नातेवाइकांना आमच्याआधी तिनेच बातमी दिली. उत्तराखंडात 2025 पासून लागू झालेल्या संहितेत तर लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची आहे. म्हणून मसुदा वाचल्याशिवाय पाठिंबा देणे मला शक्य नाही.