खांदा आखडला, गुडघे आधीच कुरकुरतायत. पोहणं सोडायचं का?

मुलुंडची_बेडकी

मंडळी, जरा लांबण लावणार आहे. अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

वय ६४, मुलुंड. एमटीएनएलमध्ये आयुष्य काढलं आणि जानेवारी २०२० ला व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. आता मनसोक्त फिरायचं म्हणते तोवर मार्चमध्ये लॉकडाऊन. घरात बसून वजन वाढलं, शुगर वाढली, उजव्या गुडघ्याने उचल खाल्ली. एक्स-रेत झीज दिसली. डॉक्टर म्हणाले चाला. चालले की संध्याकाळी गुडघा टम्म. शेवटी एका मैत्रिणीने हाताला धरून कालिदासच्या तलावावर नेलं. जन्मभर पाण्याला घाबरणारी बाई मी, पण शिकले. आधी ब्रेस्टस्ट्रोक, मग फ्रीस्टाईल. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४ वरून सातच्या खाली आला. पाण्यात गुडघा दुखत नाही, हे तर वरचं बक्षीसच.

आता मूळ दुखणं. गेल्या गणपतीआधी माळ्यावरून मखराचं खोकं काढताना उजव्या खांद्यात कळ आली. दोन-चार दिवसांत कमी झाली, पण नंतर दुखणं हळूहळू मुरत गेलं आणि दिवाळीपर्यंत हात वरच जाईना. आजची स्थिती अशी: अंबाडा घालता येत नाही. मागचा हूक लागत नाही. पोळ्या लाटता येतात, पण वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता येत नाही. रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जातो. परवा लोकलमध्ये सवयीने हँडल धरायला हात वर नेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारच्या मुलीने उठून जागा दिली, म्हणजे चेहरा कसा झाला असेल बघा.

पहिले ऑर्थोपेडिक म्हणाले, एक्स-रे नॉर्मल, हा फ्रोझन शोल्डर, शुगरवाल्यांना होतो. व्यायामांचा एक झेरॉक्स कागद हातात दिला, त्यातली चित्रं इतकी काळी की माणसाचा हात कुठला नि भिंत कुठली ते कळेना. दुसऱ्यांनी एमआरआय काढला. सुप्रास्पायनेटस टेंडनला, म्हणजे हात वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, पार्शल टेअर, अर्धवट फाटलेली. पोहणं कायमचं बंद, नाही थांबलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. आणि बंगळुरूहून चिरंजीव फोनवर: "आई, या वयात कशाला हवंय ते पोहणं?" अरे बाबा, चालता येत नाही म्हणूनच पोहते ना!

तर पेच असा की चालणं गुडघ्याने बंद केलं, पोहणं खांदा बंद करतोय, आणि शुगरला व्यायाम तर हवाच. तलाव सुटल्यापासून आकडा ७.६ वर गेलाय. दोघांपैकी कोणत्या डॉक्टरांचं धरू? पोहणं खरंच कायमचं गेलं का? मधल्या काळात काय करू? सध्या केमिस्टकडून आणलेली ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची दुखण्यावरची गोळी रात्री घेते, त्याने झोप लागते. "वय झालं, सोडून द्या" हा सल्ला घरात फुकट मिळतो, तो कृपया नको.

येऊरचा_म्हातारा

बेडकीताई, आयडी आवडला. मी ७१, ठाणे. माझा टेंडन पूर्ण फाटला होता, त्याची तऱ्हा सांगतो म्हणजे तुमच्यात नि माझ्यात फरक काय ते कळेल.

पावसाळ्यात येऊरच्या उतारावर शेवाळावरून घसरलो आणि डाव्या खांद्यावर आपटलो. त्याच संध्याकाळी चहाचा कप तोंडापर्यंत नेता येईना. दुखणं होतंच, पण खरी गोष्ट म्हणजे ताकदच गेलेली. बायकोने हात धरून वर केला तर सरळ कानाला लागला, तिने सोडला की धपकन खाली. असं झालं तर वाट बघत बसायचं नसतं. पडून अचानक फाटलेला टेंडन उशीर केला की मागे आकसत जातो, त्याचा स्नायू वाळतो, मग शिवायलाही नीट मिळत नाही, असं सर्जनने चित्र काढून समजावलं होतं. दुर्बिणीतून शिवला. पुढे दीड महिना हात झोळीत, लेंग्याची नाडी बांधायलाही बायको. हात खरा कामाला लागायला वर्ष गेलं. आता पुन्हा येऊर चालू आहे, फक्त पावसाळ्यात सपाटीवर.

तुमचं वाचून तसं वाटत नाही. तेव्हा ऑपरेशनची घाई करू नका.

आणि एक विषयांतर. चढ चढताना डावा खांदा किंवा जबडा भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं, असं कुणाला होत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ नका, आधी हृदय तपासा. आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एकाचं "खांद्याचं दुखणं" तसलंच निघालं.

अण्णा_मिरज

ताई, एमआरआय, दुर्बीण हे सगळे पैसे काढायचे धंदे. निर्गुडीचं तेल कोमट करून रोज रात्री चोळा, वरून वाळूच्या पुरचुंडीचा शेक. आणि आमच्या भागात हाडवैद्य आहेत, एका झटक्यात खांदा मोकळा करतात. माझ्या मेव्हण्याचा केलाय. तुम्ही मुंबईकर फार विचार करता.

नाशिकची_फिजिओ

अण्णा, तेल आणि शेकाला माझी ना नाही, व्यायामाआधी शेक घेतला तर हात जरा सैल पडतो. झटक्याला मात्र स्पष्ट ना. आखडलेल्या खांद्याला जोर लावून झटका दिला तर दंडाचं हाड मोडू शकतं, आणि साठीनंतरच्या बाईचं हाड म्हणजे आधीच नाजूक मामला. वाळूच्या शेकाबद्दल एवढंच की मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, तेव्हा शेक आधी दुसऱ्या हाताला लावून बघा.

काकू, तुमचे दोन्ही डॉक्टर एकाच वेळी बरोबर असू शकतात. साठी ओलांडलेल्या आणि खांदा मुळीच न दुखणाऱ्या लोकांचा एमआरआय काढला तरी त्यातल्या कितीतरी जणांचा टेंडन थोडाफार विरलेला दिसतो. केस पिकतात तसंच ते. म्हणून रिपोर्टवर उपचार ठरत नाही, हात काय करतो यावर ठरतो.

तो आरशासमोर बघता येईल. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा, आणि कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दाराची दोन झडपं उघडावी तसे. दुखरा किती उघडतो, चांगला किती? मग स्नायू ढिले सोडा आणि घरातल्या कुणाला तरी दुखरा पंजा हलकेच बाहेर न्यायला सांगा. तुम्हालाही जमत नाही आणि दुसऱ्यालाही नेता येत नाही, वाटेत कडक अडतो, आणि एक्स-रे नॉर्मल आहे, तर सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसलंय. तो फ्रोझन शोल्डर. दुसऱ्याने नेला तर जातो, पण तुम्हाला तिथे धरता येत नाही, तर टेंडनचा संशय. येऊरच्या काकांच्या पत्नीने नकळत हीच परीक्षा घेतली होती.

फ्रोझन असेल तर त्याची स्वतःची एक चाल असते. आधी दुखण्याचे महिने, त्यात रात्री वाईट. मग दुखणं उतरतं आणि ताठपणा राहतो. मग हळूहळू सुटतो. एक ते तीन वर्षं लागू शकतात आणि मधुमेहात जास्त रेंगाळतो, हे आधीच सांगते म्हणजे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून चौथ्या डॉक्टरकडे जाणार नाही. तुम्ही पहिल्या टप्प्यात वाटता. या टप्प्यात जोर लावून हात ओढायचा नाही. चांगल्या हाताने ओट्याचा आधार घ्या, कमरेतून वाका, दुखरा हात मोकळा लोंबू द्या आणि शरीर हलवून त्याला झोका द्या, हाताने ताकद लावायची नाही. दुसरा व्यायाम पलंगावर उताणं झोपून. कोपराखाली घडी केलेला टॉवेल, दोन्ही हातांत छत्री आडवी धरायची आणि चांगल्या हाताने छत्री ढकलून दुखरा पंजा बाहेर उघडायचा, ताण जाणवेपर्यंत. थोडा थोडा, दिवसातून तीन-चारदा. त्यानंतरची ठणक थोड्या वेळात शमली पाहिजे. रात्रीची झोप मोडली तर तुम्ही जास्त केलंत, दुसऱ्या दिवशी कमी करा.

आता पोहणं. "कायमचं बंद" मी म्हणणार नाही. फ्रीस्टाईलचा हात सध्या बंद. पण तलाव का सोडलात? छातीइतक्या पाण्यात चाला, पुढे, मागे, आडवं. तिथे शरीराचं बरंचसं वजन पाणी उचलतं, म्हणून गुडघा तक्रार करत नाही. पाण्याखाली हात जिथवर आपसूक तरंगत जातो तिथवर जाऊ द्या. पाय मारायचे असतील तर बोर्ड पुढे हात लांब करून धरू नका, तो ताण थेट खांद्यावर येतो. बोर्ड छातीशी कवटाळा आणि उताणं होऊन सरळ पाय मारा. ब्रेस्टस्ट्रोकचे पाय मात्र नकोच, पाय बाहेर फेकून जवळ आणताना गुडघ्याची आतली बाजू पिळवटते. तुमच्या गुडघ्याला ते आधीही नकोच होते.

गोळीबद्दल: औषध लिहून देणं माझं काम नाही, पण बीपीची गोळी चालू असेल तर ॲसिक्लोफिनॅक रोज परस्पर घेणं किडनीला महागात पडू शकतं. फिजिशियनना दाखवा, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या.

कोल्हापूरची_बाई

ताई, मी दोन्ही खांदे भोगून झालेय. आधी डावा, तो सुटतोय म्हणेपर्यंत उजवा. मला शुगर नाही, थायरॉईड आहे, त्यातही होतो म्हणे. फिजिओबाईंनी शास्त्र सांगितलं, मी घरातलं सांगते.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मी रडत रडत शोधलं. पुढून बटणांचे गाऊन आणा. ब्लाऊज शिंप्याकडून पुढे हूकचे करून घ्या, आणि आतल्याचंही तसंच, लाजू नका. झोपताना चांगल्या कुशीवर, आणि पोटाशी एक जाड उशी घेऊन तिच्यावर दुखरा हात. उताणं झोपत असाल तर कोपराखाली पातळ उशी, नाहीतर हात मागे पडतो आणि पहाटे तीनला जाग येते.

केस मी कापून टाकले. आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, बरी दिसतेस.

साखरेचा डबा खाली आणा, त्यात कसली हार! दुखणं ओसरल्यावर मी चहापत्तीचा डबा एकेक फळी वर चढवत नेला. रोज चहा लागतोच, त्यामुळे व्यायाम चुकत नाही. आज तो सगळ्यात वर आहे, फक्त मागे पाठीवर हात अजून पूर्वीइतका जात नाही. डॉक्टर म्हणाले, तेवढं राहील कदाचित. राहू दे.

मुलुंडची_बेडकी

सगळ्यांचे आभार. अण्णा, तुमचंही तेल लावतेय, रागवू नका.

परीक्षा घेतली. आरशासमोर डावा पंजा ऐसपैस उघडतो, उजवा नाकासमोरून जेमतेम हलतो. मग ह्यांना न्यायला सांगितला. ह्यांनी इतक्या जपून धरला जणू बोहारणीकडून नवीन काचेचं भांडं घेतायत, पण तिथेच अडला. म्हणजे पहिले डॉक्टर बरोबर, झेरॉक्स सोडून.

बीपीची गोळी आहे, टेल्मीसार्टन. उद्याच क्रिएटिनिन करते.

दोन गोष्टी राहिल्या. पहिल्या डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं होतं, मी शुगरच्या भीतीने नको म्हटलं. घ्यावं का? आणि तलावावरचे कोच लेनमध्ये चालू देत नाहीत, मागून येणाऱ्यांना अडथळा होतो म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे.

नाशिकची_फिजिओ

इंजेक्शन दुखण्याच्या टप्प्यात जास्त उपयोगी पडतं, ताठपणाच्या टप्प्यात तेवढं नाही. म्हणजे घ्यायचं तर विचार आत्ताच. शुगर वाढते हे खरं, बहुधा काही दिवस. म्हणून आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारा, तो आठवडा घरच्या मशीनवर रोज मोजा, आणि आकडा चढला तर काय करायचं ते त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या. दुखणं उतरलं की व्यायाम वाढवता येतो, तो त्याचा खरा फायदा. नुसतं इंजेक्शन घेऊन हात गळ्यात बांधून बसायचं नाही.

आणि जमिनीवर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर, दोन्ही वेळा. एका दमात तासभर चालून गुडघा सुजवण्यापेक्षा हे बरं, आणि जेवणानंतरची शुगरही त्याने खाली येते. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा जोडीला, खुर्ची उंच घ्या.

येऊरचा_म्हातारा

कोचना लेन मागू नका, उथळ बाजूची भिंत मागा. भिंतीला लागून आडवं चाललं तर कुणाच्या मध्ये येत नाही. आमच्याकडे दोन आजीबाई बॅचच्या शेवटच्या वीस मिनिटांत तसंच करतात, गप्पा मारत. फिजिओचं पत्र नेलंत तर कोच पटकन ऐकतील.

मुलुंडची_बेडकी

पत्र आणते. आमचा कंपू मोठा आहे, भिंत पुरली म्हणजे झालं.