मदत हवी आहे: वडिलांची ठेव सुटते आहे. प्लॉट, मुलीचं शिक्षण की माझी रिटायरमेंट?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, पण वाचून सांगा.

वय ४५. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. पीएफ कापून हातात ३३-३४ हजार येतात. राहायला येळ्ळूरला, घर स्वतःचं. बायको ब्लाउज-ड्रेस शिवते, तिचे आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० धरून महिन्याला आठ-नऊ हजार होतात. मुलगी सेकंड पीयूला (बारावीला) सायन्सला, मुलगा आठवीत. आई-वडील आमच्याजवळच, वडील ७२ चे. दोन बहिणी, दोघींची लग्नं झालीत.

वडिलांची ९ लाखांची ठेव इथल्या एका सौहार्द सोसायटीत (पतसंस्थेसारखीच) आहे. मिल सुटल्यावर मिळालेले पैसे त्यांनी हात न लावता ठेवले, ते वाढत इथवर आलेत. व्याज साडेनऊ टक्के. पुढच्या महिन्यात मुदत संपते. वडील म्हणतात, तूच काय ते बघ.

दाजी मागे लागलेत, दीड गुंठ्याचा प्लॉट घे म्हणून. ११ लाख सांगतोय. एनए (बिनशेती) नाही, नुसता बाँड (स्टॅम्प पेपरवर करार) करून देणार. दाजींच्या मते पाच वर्षांत दुप्पट. बायको म्हणते, पोरीच्या इंजिनिअरिंगला राखून ठेवा. मला झोप लागत नाही ती ५८ नंतर काय खायचं म्हणून.

बाकी एक मनीबॅक पॉलिसी (वर्षाला २४ हजार हप्ता, विमा ३ लाख), रोज शंभराची पिग्मी (रोजची बचत ठेव), आणि महिना २,००० ची भिशी. पगार २१ हजारांच्या वर गेल्यापासून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटली, आजारपणाचं काहीच नाही. कुठून सुरुवात करू?

खानापूरकर

प्लॉट घे डोळे झाकून. बेळगावभोवती जमीन स्वस्त झालेली मी तरी बघितली नाही. आमच्याकडे ज्यांनी वेळेत घेतले ते आज मजेत आहेत, बँकेत ठेवणारे व्याज मोजत बसलेत.

टिळकवाडीचे काका

बँकेत काउंटरवर जन्म गेला, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. राग मानू नकोस.

आधी प्लॉटचं. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत रजिस्टर झाल्याशिवाय नावावर होत नाही. बाँड करून मालकी येत नाही. उद्या तोच तुकडा त्याने दुसऱ्यालाही बाँडवर दिला, तर तू कोर्टाच्या पायऱ्या झिजव. शिवाय ११ लाखांना वरचे २ लाख कुठून आणणार, ते तू लिहिलेलं नाहीस. खानापूरकरांचं खोटं नाही, जमिनीत पैसा झालाय. पण तो उतारा नावावर असलेल्यांचा झालाय.

आता सोसायटीचं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून दर माणशी दर बँकेत ५ लाखांपर्यंत मिळतात, २०२० पासून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या येत नाहीत. तुमची सोसायटी चांगली चालत असेलही, पण ७२ वर्षांच्या माणसाची सगळी पुंजी एका छताखाली, तीही विम्याशिवाय, हे मला पटत नाही.

आणि मुख्य गोष्ट. हे पैसे तुझे नाहीत, वडिलांचे आहेत. तू प्लॉट, पोरगी, रिटायरमेंट असे तीन पर्याय मांडलेस, त्यात वडील कुठेच नाहीत. तुमच्या घरात आज चार वयं एकाच डब्यातून पैसे काढू बघताहेत. ७२ ला महिन्याचं औषध आणि अचानकचं हॉस्पिटल लागतं. १७ ला वर्षाभरात फी लागते. १४ ला चार वर्षांनी. ४५ ला १३ वर्षांनी. ज्याला उद्या लागणार ते पैसे जमिनीत अडकवायचे नाहीत, ज्याला १३ वर्षांनी लागणार ते पिग्मीत ठेवायचे नाहीत. एवढं पाळलंस तरी निम्मं काम झालं.

वडिलांसाठी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघ. सध्या ८.२ टक्के, पाच वर्षांची मुदत, कमाल ३० लाख. ६ लाख ठेवलेस तर दर तिमाहीला १२,३०० त्यांच्या खात्यात. मोडता येते, पण एक ते दोन वर्षांत मोडली तर दीड टक्का कापतात आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याजच नाही. म्हणून सगळे ९ त्यात घालू नकोस. २ लाख सरकारी बँकेत वर्षाच्या एफडीला, १ लाख बचत खात्यात, हॉस्पिटलच्या दाराशी उभं राहायची वेळ आली तर. व्याज सवा टक्क्याने कमी पडतं म्हणून हळहळू नकोस.

निपाणीची लेक

काका पैशाचं बोलले, मी मुलीचं बोलते. दादा, ती केसीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) देणार असेलच, महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचाही अर्ज भरायला सांगा. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ‘टाइप ई’ हा वेगळा प्रकार आहे. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, तो आत्ताच शाळेतून काढून ठेवा. निकालानंतर धावपळ होते.

आणि फीसाठी आजोबांची ठेव मोडायची गरज नाही. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो. ती स्वतः फेडेल की. मी पोरगी असून माझं मी फेडलंय.

उद्यमबागवाला

काका, खरं बोललात, थोडं लागलं पण खरं. एक लिहायचं राहिलं, बायकोचे साडेतीन तोळे सोनं तारण आहे, दीड लाख उचललेत, घराच्या पत्र्यांसाठी. दरवर्षी नुसतं व्याज भरून रिन्यू करतोय. आणि माझ्या ५८ चं काय? पीएफची पेन्शन येईल ना?

टिळकवाडीचे काका

सोनं आधी सोडव. पुढच्या भिशीचा नंबर लागला की ते पैसे तिकडेच. व्याज भरत राहून मुद्दल जसंच्या तसं ठेवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

पेन्शन येईल, पण किती ते ऐक. पगार कितीही असो, जादा पेन्शनचा पर्याय दिलेला नसेल तर हिशेब १५ हजारांवरच होतो. सूत्र असं: पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. तीस वर्षं पूर्ण धरली तरी महिना ६,४२८. २०१४ च्या आधीच्या वर्षांना मर्यादा ६,५०० ची होती, म्हणजे तुझं त्याहून थोडं कमीच. तेवढ्यात आजच किराणा भागत नाही.

पण घाबरू नकोस, तुझं कॅलेंडर वाईट नाही. पोरगी सुटेल तेव्हा तू पन्नाशीला, पोरगा सुटेल तेव्हा ५३-५४. तिथून ५८ पर्यंतची चार-पाच वर्षं तुझी. तेव्हा पगारातून दुप्पट बाजूला पडेल. तोवर थोडं थोडं चालू ठेव. ऑफिसात सांगून पीएफमध्ये स्वतःची वर्गणी वाढवून घे, पैसे हातात यायच्या आधीच कापले जातात. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. सोसायटी सोडून एवढं कोण देतंय? मनात असेल तर हजार-दोन हजारांची इंडेक्स फंडाची (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडाची) एसआयपीही, म्हणजे महिन्याची ठरावीक गुंतवणूक, कर, दहा वर्षं बघायचं नाही या बोलीवर.

पिग्मीला मी नावं ठेवत नाही. १९२८ ला उडुपीत दोन आण्यांपासून सुरू झालेली गोष्ट आहे, लोकांना बचतीची सवय तिनेच लावली. वर्षाची फी, गणपतीचा खर्च यासाठी उत्तम. म्हातारपणासाठी नाही.

विमा मात्र आजच. तू गेलास तर ३ लाखांत घर किती दिवस चालेल? साठीपर्यंतचा साधा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) घे, ५० लाखांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तोवर बँकेतून जीवन ज्योती (वर्षाला ४३६) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २०) सुरू कर, दोन्ही दोन-दोन लाखांचे. बायकोचाही काढ. चौघांची मेडिक्लेम कंपनीच्या ग्रुपमध्ये मिळते का एचआरला विचार.

हिंडलगा_बॉय

काका, मध्येच घुसतो. मी २४, पहिली नोकरी, २२ हजार. मला काय?

टिळकवाडीचे काका

तुझ्याकडे वेळ आहे. तीन महिन्यांचा खर्च बाजूला, मग एसआयपी. बुलेट दोन वर्षांनी.

निपाणीची लेक

उद्यमबागवाले दादा, येळ्ळूर सीमाभागातल्या, महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांत येतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना या गावांना लागू केली. कोल्हापूर-मिरजेला जायची वेळ आली तर उपयोगी पडू शकते. कागदपत्रं काय लागतात ते आजारी पडायच्या आधी विचारून ठेवा. आणि दाजींना हळूच सांगा, वडिलांच्या मागे ठेवीवर ताईचाही हक्क येतो.

उद्यमबागवाला

तेच विचारणार होतो. ठेवीला नॉमिनी मी आहे. मग बहिणींचं काय?

टिळकवाडीचे काका

नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस. मालक नव्हे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही तर आई, तू आणि दोघी बहिणी, चौघांचा सारखा वाटा. वडिलांच्या मनात काय आहे ते त्यांनाच विचार, चौघांना बसवून. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं. रजिस्टर केलं तर उत्तम.

उद्यमबागवाला

रविवारी बहिणींना बोलावलंय. प्लॉटवाल्याला नको म्हणून कळवलं, दाजी दोन दिवस फुगलेत. ठेव मोडायला वडिलांना सोसायटीत न्यावं लागेल का?

टिळकवाडीचे काका

नेलंस तर बरं. पण मुदतीआधी लेखी अर्ज दे की रिन्यू करू नका, रक्कम वडिलांच्या बँक खात्यात जमा करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घे. नाहीतर आपोआप आणखी वर्षाला टाकतील, आणि मध्येच मोडली म्हणून व्याज कापतील. पोस्टात जाताना वडिलांचं आधार, पॅन, दोन फोटो आणि चेकबुक.