‘राजनैतिक’, ‘निर्बंध’ आणि ‘तटस्थ’: उत्तर कोरियाच्या संदर्भात नेमके काय लिहावे?

प्रश्न
नारायण पेठेतील एका स्पर्धा परीक्षा वर्गात मी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते. ‘मानवी हक्कांच्या पायमल्लीबद्दल संयुक्त राष्ट्रांनी उत्तर कोरियावर निर्बंध लादून राजनैतिक दबाव आणला’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास सापडते. हिंदीत ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय. मग मराठीत ‘राजनयिक’ लिहिणे अधिक योग्य नाही का?

प्रतिसाद
‘राजनैतिक’ खुशाल ठेवावा. मराठीत दोन देशांचे संबंध राजनैतिकच असतात, आणि पक्ष-निवडणुकांसाठी आपल्याकडे ‘राजकीय’ हा वेगळा शब्द असल्याने गोंधळाला वाव उरत नाही. मला त्या वाक्यात खटकतो तो ‘निर्बंध’. सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले ते ऑक्टोबर २००६ मधील अणुचाचणीनंतर, १७१८ क्रमांकाच्या ठरावाने, आणि पुढचेही अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांच्यापायीच आले. मानवी हक्कांचे प्रकरण निराळ्या वाटेने गेले. मानवी हक्क परिषदेने २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाला देशात पाऊलच ठेवू न दिल्यामुळे त्याने सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टन येथे जाहीर सुनावण्या घेऊन उत्तर कोरियातून निसटलेल्यांच्या साक्षी नोंदवल्या, आणि फेब्रुवारी २०१४ च्या अहवालात राजकीय कैद्यांच्या छावण्यांतील छळ, उपासमार, अपहरणे यांना ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ठरवले. त्यानंतर आमसभेने जो ठराव केला त्याला निषेधाचा ठराव म्हणता येईल, निर्बंध म्हणता येणार नाही, कारण आमसभेचे असे ठराव कोणावर बंधनकारक नसतात.
‘पायमल्ली’ मात्र चपखल आहे. फारसी ‘पायमाल’, म्हणजे पायाखाली तुडवलेले. ‘उल्लंघन’ या शब्दात नियम मोडल्याचे कळते, माणूस चिरडला गेल्याचे कळत नाही.

दुसरा प्रतिसाद
एक दुरुस्ती सुचवतो. मानवी हक्कांच्या कारणावरून निर्बंध आलेच नाहीत असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण अमेरिकेने जुलै २०१६ मध्ये याच कारणाने थेट किम जोंग उन यांच्यावर निर्बंध घातले. तेव्हा चूक ‘निर्बंध’ या शब्दात नसून वाक्याच्या कर्त्यात आहे.

प्रश्नकर्तीकडून
कर्त्याचा मुद्दा पटला. जोडून विचारते: ‘भारत तटस्थ राहिला’ हे बरोबर आहे का?

प्रतिसाद
डिसेंबर २०१४ मध्ये आमसभेत त्या ठरावाच्या बाजूने ११६ आणि विरोधात २० मते पडली, तर ५३ देश तटस्थ राहिले. त्यांत भारतही होता. शब्द रूढ आहे, पण नुसते ‘भारत तटस्थ राहिला’ लिहिले की भारताला या विषयावर मतच नव्हते असा ग्रह होतो. वास्तविक एखाद्या देशाला अत्याचार मान्य नसतात, मात्र एकाच राष्ट्राला लक्ष्य करणारा ठरावही नको असतो, आणि अशा वेळी तो हा मार्ग धरतो. म्हणून ‘मतदानात तटस्थ राहिला’ असे पूर्ण लिहावे. ‘गैरहजर’ हा शब्द येथे कटाक्षाने टाळावा, कारण सभागृहात नसणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची नोंदही वेगळी होते.
याच ओघात ‘नकाराधिकार’, म्हणजे सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्याने एकट्याच्या विरोधावर ठराव रोखण्याचा हक्क, हाही शब्द तपासून घ्यावा. २२ डिसेंबर २०१४ रोजी हा विषय सुरक्षा परिषदेच्या कार्यसूचीवर घेण्यास चीन आणि रशिया यांनी विरोध केला, तरी ११ मतांनी तो घेतला गेला, कारण कार्यपद्धतीच्या प्रश्नावर नकाराधिकार चालत नाही. तो चालतो प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवताना. उत्तर कोरिया त्या न्यायालयाचा सदस्य नसल्याने परिषदेच्या ठरावाचाच मार्ग प्रामुख्याने उरतो, आणि तसा ठराव मताला टाकलाच गेलेला नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांनी ‘नकाराधिकाराच्या धास्तीने प्रकरण अडले’ असे लिहिले तर पूर्ण गुण द्यावेत, ‘चीनने नकाराधिकार वापरल्याने अडले’ असे लिहिले तर कापावेत.