दोन महिन्यांच्या सशाच्या पिल्लाला काय खाऊ घालावे?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार. आम्ही नुकतेच दोन महिन्यांचे सशाचे पिल्लू आणले असून, विकणाऱ्याने त्याला गाजर, कोबी आणि भिजवलेले हरभरे द्यावेत असे सांगितले आहे. शिवाय घरात बेदाण्याला तोटा नसल्याने मुले तेही कौतुकाने भरवतात. सध्या त्याच्या काही लेंड्या मऊ पडतात आणि शेपटीखाली चिकटून राहतात. आपल्याकडे मिळणाऱ्या चाऱ्यापैकी काय चालेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यवतेश्वर, सातारा
बेदाणे आणि हरभरे आजच बंद करावेत. सशाच्या आतड्यातील जिवाणू चाऱ्यातला तंतू आंबवतात. साखर आणि पिष्ट वाढले की त्यांचा तोल बिघडतो. द्राक्षांच्या घडासारख्या दिसणाऱ्या मऊ लेंड्या ससा एरवी स्वतःच खातो, कारण त्यांतून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. त्या उरून अंगाला चिकटू लागल्या, तर बहुधा आहार जड होत आहे असे समजावे.

वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी मात्र दिवसरात्र समोर हवे. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि गवत चावूनच ते झिजतात. लसूणघासात (ल्युसर्न हे चाऱ्याचे पीक; लसणाशी संबंध नाही) प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असल्याने ती सहा-सात महिन्यांपर्यंत चालते. पुढे मात्र ती हळूहळू कमी करून साध्या गवतावर आणावे, कारण जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते आणि खड्यांचा त्रास होऊ शकतो. घास सावलीत पसरून वाळवावी. ढिगात तापलेली किंवा बुरशी आलेली घास फेकून द्यावी. कोवळे कडवळ (चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी) तर देऊच नये, त्यातील विषारी घटक गुरांनाही बाधतो.

माणदेशी
हरळी उत्तम, पण द्राक्षबागेच्या बांधावरची आणू नये; फवारणीचे औषध तिच्यावर उडालेले असते.

कृष्णाकाठ, सांगली
मनःपूर्वक आभार. मग पालेभाजी कधी सुरू करावी? आणि गाजर अजिबातच नको का?

यवतेश्वर, सातारा
पालेभाजीबाबत मतभेद आहेत. पुष्कळ जण तीन महिन्यांपर्यंत थांबायला सांगतात, तर आईसोबत पाला खाल्लेल्या पिल्लाला तो लवकर चालतो असे काहींचे म्हणणे आहे. तुमच्या पिल्लाचे पोट आधीच बिघडलेले असल्याने मी थांबेन. नंतर कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला, एका वेळी एकच, चिमूटभर देऊन दोन-तीन दिवस लेंड्या पाहाव्यात. कांदा आणि लसूण कधीही देऊ नये. गाजर गोड असते, म्हणून मोठा झाल्यावर अधूनमधून एखादी पातळ चकती पुरे. त्याचा पाला अधिक उपयोगी.

पिल्लाला पाण्यासारखे जुलाब झाले, किंवा त्याने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. जाण्यापूर्वी फोन करून ते सशांवर उपचार करतात का, हे विचारून घ्यावे; गुरांचे सगळेच डॉक्टर ससे हाताळत नाहीत.