बेलिचिकला अपयशाने घडवलं, ही गोष्ट मला पटत नाही

उत्तरआळी (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलमधल्या बिल बेलिचिकचा विषय निघाला की एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते. क्लीव्हलंडने हाकललं, गडी खचला नाही, चुका सुधारल्या, आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सला सहा सुपर बोल (लीगच्या अंतिम लढती) जिंकून दिले. ठेच लागली म्हणून शहाणा झाला, वगैरे. मला हे साफ अमान्य आहे. १९९६ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने काढलेला बेलिचिक आणि २००० मध्ये पेट्रियट्सने नेमलेला बेलिचिक हा एकच माणूस होता. बदलले ते मालक, आणि थोडंफार नशीब.

१९९१ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, तो ब्राउन्सचा मुख्य कोच झाला. पाच मोसमांत ३६ विजय, ४४ पराभव. आकडा दरिद्री दिसतो. पण १९९४ मध्ये याच संघाने ११-५ (विजय-पराभव) अशी कामगिरी केली आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पेट्रियट्सनाच हरवलं. पुढच्या वर्षी मोसम अर्ध्यावर असताना, ६ नोव्हेंबर १९९५ ला, मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवणार असल्याचं जाहीर केलं. घरच्या मैदानावर घरचेच प्रेक्षक बोंबलायला लागले, जाहिरातदार पळाले. शेवट ५-११. फेब्रुवारीत कोचच्या हाती नारळ.

आता त्याच्या हाताखाली तेव्हा कोण होतं ते बघा. डिफेन्स (बचाव) सांभाळायला निक सेबन, ज्याने पुढे कॉलेज फुटबॉलमध्ये सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ऑफेन्सिव्ह लाइनला (आक्रमणाच्या पुढच्या फळीला) कर्क फेरेंट्झ, जो १९९९ पासून आयोवा विद्यापीठात ठाण मांडून बसलाय. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) आपला क्रमांक सॅन फ्रान्सिस्कोला देऊन बेलिचिकच्या संघाने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली एक निवड मिळवून ठेवली होती. ती निवड वापरून बाल्टिमोरने १९९६ मध्ये कोणाला घेतलं? पुढे डिफेन्सचा दिग्गज ठरलेल्या रे लुईसला! झाड याने लावलं, आंबे दुसऱ्यांनी खाल्ले. याला अपयश म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

ओहायोकर

पूर्ण असहमत. तुम्ही मोडेलवर सगळं ढकलून मोकळे झालात. बर्नी कोसारचं नावही घेतलं नाहीत!

माहीत नसलेल्यांसाठी: कोसार हा ब्राउन्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा), ओहायोतच वाढलेला, शहराचा लाडका. नोव्हेंबर १९९३. संघ ५-३ वर, बरा चाललेला. दुसरा क्वार्टरबॅक व्हिनी टेस्टावर्डी खांद्याच्या दुखापतीने बाहेर. अशा वेळी बेलिचिकने कोसारला संघातूनच काढलं. कारण काय, तर त्याचा खेळ उतरणीला लागलाय. मग खेळवला कोण? टॉड फिलकॉक्स. उरलेल्या आठ सामन्यांत दोन विजय. कोसारला डॅलसने लगेच उचललं आणि त्या मोसमाअखेर त्याच्या बोटात सुपर बोल विजेत्यांना मिळणारी अंगठी होती.

माझ्या ऑफिसातली साठीला आलेली मंडळी हा विषय काढला की अजून चवताळतात. संघ बाल्टिमोरला नेला म्हणून मोडेलना शिव्या घालतात, पण सुरुवात कोसारपासून करतात. शिवाय तेव्हा मोडेलनी जाहीरपणे कोचचीच बाजू घेतली होती. म्हणजे मालक पाठीशी नव्हता असंही नाही.

निंबोणी

बाळबोध प्रश्न विचारते, रागावू नका. एका कोचमुळे एवढा फरक पडतो? आपल्या क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला की सूत्रं कॅप्टनकडे. कोच ड्रेसिंग रूममध्ये टोपी घालून बसलेला दिसतो.

चार्ल्सकाठ

@निंबोणी, इथे उलटं आहे. प्रत्येक चाल बाहेरून येते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो आणि कोच त्याच्या कानात बोलतो. प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो, त्यापुढे पोराने स्वतःची अक्कल लढवायची. आणि बेलिचिककडे पेट्रियट्समध्ये खेळाडू निवडायचेही अधिकार होते. सामना आणि भरती दोन्ही एकाच्याच हातात, असं फार थोड्या कोचांच्या वाट्याला येतं.

मूळ मुद्द्यावर. धागाकर्त्यांनी जेट्सचं प्रकरण गाळलं, आणि मजा तर तिथेच आहे. तेव्हाचा कोच बिल पार्सेल्सने पद सोडल्यावर करारानुसार बेलिचिक आपोआप न्यू यॉर्क जेट्सचा मुख्य कोच झाला. ४ जानेवारी २००० ला त्याची ओळख करून द्यायला पत्रकार बोलावले होते. आला, आणि जेट्सचं मुख्य कोचपद सोडतोय अशी एका ओळीची चिठ्ठी लिहून दिली. मुख्य कोच म्हणून एकच दिवस! लोकांनी वेड्यात काढलं. संघ विकायला निघालेला, जुने मालक आदल्या वर्षी वारलेले, नवे कोण येणार पत्ता नाही. मालकाच्या लहरीवर नोकरी अवलंबून असली की काय होतं हे त्याने क्लीव्हलंडमध्ये भोगलं होतं. मग पेट्रियट्सचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीतली निवड जेट्सना देऊन टाकली. १९९६ चं वर्ष त्याने पेट्रियट्समध्येच सहायक म्हणून काढलं होतं, त्यामुळे क्राफ्ट त्याला जवळून ओळखत होते.

हे शिकणं नाही तर काय?

उत्तरआळी

@चार्ल्सकाठ, मालक बघून नोकरी धरणं ही हुशारी झाली. कोचिंग कुठे बदललं?

@ओहायोकर, कोसारचं म्हणताय ना? मग २००१ घ्या. क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो पेट्रियट्सचा हिरो. त्याच वर्षी मार्चमध्ये दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार झालेला. २३ सप्टेंबरला जेट्सच्या मो लुईसने त्याला साइडलाइनजवळ असा काही धडकवला की छातीत रक्तस्राव होऊन तो थेट हॉस्पिटलात. जागेवर आला टॉम ब्रेडी, आदल्या वर्षी सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर घेतलेला. नोव्हेंबरात ब्लेडसो बरा होऊन आला तर बेलिचिकने त्याला बाकावरच ठेवलं. शहराचा लाडका बाजूला, अनोळखी पोरगा आत. १९९३ चाच निर्णय, तोच थंडपणा! तेव्हा पडला फिलकॉक्स आणि आता निघाला ब्रेडी, म्हणून पहिला मूर्खपणा आणि दुसरी दूरदृष्टी?

ओहायोकर

तोच निर्णय अजिबात नाही. नीट बघा.

१९९३ मध्ये हाती पर्याय नसताना कोसारला घरी पाठवला. २००१ मध्ये ब्लेडसोला काढला नाही, बाकावर ठेवला. आणि ठेवला म्हणूनच पुढे पिट्सबर्गला कॉन्फरन्स फायनलमध्ये (सुपर बोलआधीच्या सामन्यात) ब्रेडीचा पाय दुखावल्यावर तोच ब्लेडसो आत येऊन सामना काढून गेला. तो नसता तर सुपर बोल कुठला? शिवाय २००० मध्ये पेट्रियट्सनी चार क्वार्टरबॅक संघात ठेवले होते. चौथा ब्रेडी. बहुतेक संघ फार तर तीन ठेवतात. एकाला काढायचं तर दुसरा तयार हवा, हा धडा क्लीव्हलंडचा आहे. तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडतो.

तिसऱ्या_फळीतला

एवढा काथ्याकूट कशाला? ब्रेडी होता तोवर सहा अंगठ्या. मार्च २०२० ला तो टँपाच्या संघात गेला आणि पहिल्याच मोसमात तिथे सुपर बोल जिंकला. इकडे बेलिचिक: ७-९, १०-७, ८-९, ४-१३. बेरीज २९-३८. विषय संपला.

चार्ल्सकाठ

नाही संपला. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. उरलेला मोसम मॅट कॅसलने काढला, जो हायस्कूलनंतर क्वार्टरबॅक म्हणून एकाही सामन्याच्या सुरुवातीला उतरला नव्हता. तरी ११-५. प्लेऑफ हुकली ते नशीब. आणि पहिल्या सुपर बोलमध्ये १४ गुणांनी जिंकतील असं मानलेल्या रॅम्सना २०-१७ ने हरवलं ते डिफेन्सने. त्यांच्या मार्शल फॉकला मोकळं सोडायचंच नाही, असा बेत होता. ब्रेडी तेव्हा अजून ‘ब्रेडी’ झाला नव्हता.

मधलीसुट्टी

ठेच ठेच करताय सगळे, पण काही ठेचा स्वतःच्या हाताने ओढवलेल्या. २००७ मध्ये जेट्सच्या कोचांच्या खाणाखुणा चोरून चित्रित केल्या म्हणून स्वतःला ५ लाख डॉलर दंड, संघाला वेगळा, वर पहिल्या फेरीतली निवड गेली. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये माल्कम बटलरला एकदाही डिफेन्समध्ये उतरवलं नाही. ज्याने तीन वर्षांपूर्वी शेवटच्या क्षणी चेंडू हिसकावून सुपर बोल जिंकून दिला होता, तोच बटलर! ब्रेडीने चेंडू फेकून ५०५ यार्ड मिळवले आणि तरी ४१-३३ ने हरले. का बसवला याचं धड उत्तर बेलिचिकने दिलं नाही. कोसार, ब्लेडसो, बटलर: या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने. माणूस तोच.

ओहायोकर

बरं. मग २०२२ चं सांगा. क्वार्टरबॅक मॅक जोन्स दुसऱ्या वर्षातला पोरगा, आणि त्याचा ऑफेन्स (आक्रमण) सोपवला कोणाकडे? मॅट पॅट्रिशिया, ज्याचं नाव झालं डिफेन्समध्ये, आणि जो जज, स्पेशल टीम्सवाला (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीचा). हे करायला कुठल्या मालकाने सांगितलं होतं? तुमच्या मालक-सिद्धांतात हे कुठे बसतं?

उत्तरआळी

छान बसतं. वीस वर्षं क्राफ्ट यांनी त्याला सगळी मोकळीक दिली, म्हणून टोकणारा कोणी उरला नाही. एरवी कोणत्या कोचला असला प्रयोग करू दिला असता? जानेवारी २०२४ ला क्राफ्टनीच हात सोडला, तेव्हा प्लेऑफ धरून त्याचे ३३३ विजय होते, विक्रम नावावर असलेल्या कोच डॉन शुलाच्या ३४७ ला १४ कमी. अटलांटाने दोनदा बोलावून मुलाखत घेतली आणि नेमलं दुसऱ्याला. सगळे अधिकार एकाला देऊन बसण्याची धास्ती घेतली असणार, असं माझं मत. कोच तोच, मालकांची भूक बदलली.

ओहायोकर

म्हणजे जिंकला तर मालकामुळे, हरला तरी मालकामुळे. मग कोचला पगार कशाचा देतात हो?

मधलीसुट्टी

वर्षाला १ कोटी डॉलर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ देतंय. तिथे मालकच नाही, आणि पहिल्या मोसमात ४-८.